जुन्या मोटारसायकलीचं हँडल लटपटतंय? आधी तपासा, मग आवळा



आजचं पत्रक पिकाबद्दल नाही, खताबद्दल नाही, कीड-रोगाबद्दलही नाही. ते आहे आपल्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीबद्दल. कृषी खात्याचा माणूस मोटारसायकलीवर कशाला बोलतो, असं कुणाला वाटेल. पण बघा, दुधाचे कॅन, युरियाची पोती, फवारणीचा पंप, भाजीचे क्रेट, मजुरांची न्याहारी, सगळं ह्याच गाडीवरून जातं. बैलगाडीचं निम्मं काम तिनं उचललं आहे. बैलगाडीला आपण वेळेवर वंगण घालत होतो, चाक डुगडुगायला लागलं की सुताराकडे नेत होतो. मोटारसायकलीत मात्र पेट्रोल ओतलं की आपलं काम संपलं, अशी आपली समजूत. रेडिओवर ऐकताना हातात पाना नसतो आणि गाडीही समोर नसते. म्हणून हे सविस्तर छापून देत आहोत. गाडीजवळ बसून वाचावं.

जिंतूर तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाची हकिकत आधी सांगतो. वीस वर्षं वापरलेली शंभर सीसीची गाडी, मागे दोन बाजूंना ४० लिटरचे दोन कॅन, रोज पहाटे डेअरीचा रस्ता. एकदा भेटल्यावर म्हणाले, "साहेब, गाडी लई लटपटायली बघा. चाळीसला गेली की हँडल हातात नाचायलंय." त्यांनी गाडी मिस्त्रीला दाखवली. मिस्त्रीनं हँडलच्या मधला मोठा नट जोर लावून आवळून दिला. नाचणं कमी झालं, पैसे दिले, काम झालं. चार-सहा दिवसांनी गाडी हळू चालवताना नागमोडी जायला लागली. आणि एका पहाटे ओढ्यावरच्या अरुंद पुलाच्या वळणावर हँडल वेळेवर फिरलंच नाही. मनगट मोडलं, दूध ओढ्यात गेलं, आणि पुढे दीड महिना धारा काढायला माणूस लावावा लागला.

नंतर गाडी उभी करून पाहिली तेव्हा तीन दोष एकत्र निघाले. पुढच्या टायरात हवा जेमतेम १५ पौंड होती. रिमला एका अंगाला वाळलेल्या चिखलाचा थर चिकटलेला होता. आणि हँडलच्या मानेतल्या वाट्यांना खड्डे पडले होते. ह्या तीनपैकी एकही दोष नट आवळून जाण्यासारखा नव्हता. सोयाबीन पिवळं पडलं की आपण घाईनं युरिया फेकतो आणि मागाहून कळतं, की दुखणं नत्राचं नव्हतं, चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नव्हतं किंवा मुळाशी पाणी साचलं होतं. तसाच हा प्रकार झाला.

हँडल नाचतं कशामुळे

दवाखान्यातला रुग्ण नेण्याचा गाडा आपण पाहिला असेल. त्याची लहान चाकं गाडा ज्या दिशेला ओढावा त्या दिशेला आपोआप वळतात. पण एखादं चाक झिजलं, सैल झालं, की गाडा वेगानं ढकलताना तेच चाक एकटंच फडफड करतं. मोटारसायकलीचं पुढचं चाक ह्याच तत्त्वावर चालतं. हँडलच्या मानेची तिरपी रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत ओढली, तर टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा त्या रेघेच्या थोडी मागे पडते. म्हणून चाक ओढलं जातं आणि सरळ राहतं. खड्ड्यानं ते डावीकडे ढकललं तर ते आपोआप परत येतं. परत येताना थोडं पलीकडे जातं, पुन्हा येतं, आणि निरोगी गाडीत दोन-तीन हेलकाव्यांत शांत होतं. कुठे झीज असेल, ढिलेपणा असेल, चाक एका बाजूनं जड असेल, तर हेलकावा विझत नाही, उलट वाढत जातो.

आता तो एका ठरावीक वेगालाच का येतो? शंभर सीसीच्या गाडीच्या १८ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण १.९ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटरला ते चाक सेकंदाला जवळजवळ सहा फेरे घेतं. रिमवर एका जागी चिखलाचा गोळा असेल, तर हँडलला सेकंदाला सहा धक्के बसतात. झोक्यावरच्या पोराला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका चढतो ना, तसं त्या वेगाला होतं. वेग कमी-जास्त केला की धक्क्याचा मेळ चुकतो आणि लटपट थांबते. म्हणून "पन्नासच्या वर नेली की बरी चालती" असं म्हणून ती तशीच पळवणारे लोक मला भेटले आहेत. दुखणं तिथंच असतं, फक्त त्या वेगाला ते दिसत नाही.

आधी गाडीला विचारा, कधी दुखतं

पाना हातात घेण्याआधी ह्या गोष्टी नीट आठवून ठेवा. ताशी वीसच्या आत, बाजारातून हळू जाताना गाडी डावी-उजवी झुकत असेल आणि आपण सारखं हँडल सावरत असाल, तर मान घट्ट आवळली गेली आहे किंवा पुढे हवा कमी आहे. तीस ते साठच्या दरम्यान, विशेषतः वेग उतरताना हँडल भराभर थरथरत असेल, तर टायर, रिम किंवा सैल मान. ओझं असताना संपूर्ण गाडी म्हशीसारखी संथ डुलत असेल, तर पुढचं सोडा, मागे बघा. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल, तर ब्रेकचा ड्रम अंडाकृती झिजलेला असण्याचा संभव जास्त.

एक सोपी परीक्षा घ्या. मागचं सगळं ओझं उतरवून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी न्या. हात मात्र हँडलवरच ठेवा. हात सोडून परीक्षा घेण्याचा शहाणपणा करू नका.

पाण्याची बादली आणि हवेचं गेज

सर्वांत स्वस्त तपासणी आधी. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल कसा असतो ते मी सांगायला नको. पावसाळ्यात शेतातून गाडी काढली की तो मडगार्डात, तारांच्या मुळाशी आणि रिमच्या कडेला बसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ओला चिखल खाली ओघळतो आणि रिमच्या एकाच अंगाला वाळून दगडासारखा होतो. दुसऱ्या दिवशी लटपट सुरू. काडीनं आणि खराट्यानं तो पूर्ण काढा. मडगार्डाच्या आतून हात फिरवा.

धुताना एक पथ्य पाळा. विहिरीवरच्या मोटारीचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर किंवा हँडलच्या मानेवर सरळ मारू नका. कालव्यात किंवा नदीपात्रात चाक अर्धं बुडेल अशी गाडी उभी करून धुण्याची पद्धत तर बंदच करावी. पाणी आत शिरतं, ग्रीस धुपतं आणि छर्रे गंजतात. मी पाहिलेल्या बिघडलेल्या माना बहुतेक पाण्यानंच बिघडल्या होत्या.

मग हवा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे एकट्यासाठी २८ च्या आसपास, आणि दोघं बसणार असाल तर ४० च्या जवळ. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा साखळीच्या झाकणावरच्या पट्टीवर असतो. अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही. टायर थंड असताना गेजनं मोजा. टायरवरून तळहात फिरवा. नक्षीचे ठोकळे एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला झिजलेले, असे करवतीसारखे हाताला लागले, तर तो टायर कितीही जाड दिसो, लटपट करणारच. कडेला भेगा पडलेला टायरही काढून टाका. टायर रिममध्ये सरळ बसला आहे का, हेही पाहा. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. रस्त्याकडेला पंक्चर काढल्यानंतर हे हमखास चुकतं.

चाक उचला आणि फिरवा

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागे कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, किंवा इंजिनाखाली लाकडी ओंडका द्या. शॉकअपच्या नळीला एक काडी अशी धरा, की तिचं टोक रिमला लागतं-न लागतंसं राहील. चाक हळूच फिरवा. रिम काडीपासून जवळ-दूर होत असेल तर चाकाला आऊट आहे. २ मिलिमीटरच्या पुढे आऊट असेल तर तो काढलाच पाहिजे. तसंच वर-खाली उड्या मारतं का तेही काडी वरून धरून पाहा.

आता तारा. लहान पान्यानं एकेका तारेवर टिचकी मारा. घट्ट तार टणकन वाजते, ढिली तार बद्द आवाज करते. एखाद-दुसरी ढिली असेल तर निपल पाव फेरा घट्ट करा. आऊट काढायचा असेल तर रिम डावीकडे आली आहे तिथल्या उजव्या बाजूच्या तारा पाव-पाव फेरा आवळायच्या आणि डाव्या तेवढ्याच सोडायच्या. एकदम पूर्ण फेरा देऊ नका, चाक अंड्यासारखं होईल. हे काम सायकलच्या दुकानातला हाताचा चांगला कारागीरही उत्तम करतो. दगडावर आपटून रिमला पोचा आलेला असेल, तर तारांशी खेळण्यात अर्थ नाही, रिम बदला.

चाक तसंच उचललेलं असताना ते दोन्ही हातांनी वर-खाली धरून आडवं हलवा. मध्याशी कटकट लागली तर बेअरिंग गेलं. जुनं बेअरिंग काढून दुकानात न्या, त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, तोच मागा. दोन बेअरिंगच्या मध्ये एक लोखंडी नळी असते. ती पुष्कळदा घाईत बाहेरच राहते. ती नसेल तर एक्सल आवळताच बेअरिंग चेपतं आणि नवं बेअरिंगही लवकर जातं. म्हणून चाक उघडल्यावर जे निघेल ते ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं पोत्यावर मांडून ठेवा. आणि चाक परत बसवताना ब्रेकच्या ताटलीची खाच शॉकअपच्या खिट्टीत नीट बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ती बसली नसेल तर पहिल्याच ब्रेकला ताटली फिरते आणि चाक जाम होऊन माणूस हँडलवरून पुढे जातो.

हँडलची मान

आता मुख्य जागा. हँडलखाली, सांगाड्याच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक अशा वाट्या असतात, त्यांत छर्रे असतात. मिस्त्री लोक ह्याला कोन सेट म्हणतात. हँडल ह्याच छर्‍यांवर फिरतं आणि पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका ह्याच छर्‍यांवर येतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून छर्रे एकाच जागी बसून दणके खातात. पाट्याला टाकी लावल्यावर जसे टवके दिसतात तसे वाटीत खड्डे पडतात. मग हँडल मध्यावर आलं की त्या खड्ड्यांत बसतं आणि तिथून सुटायला नको म्हणतं.

दोन परीक्षा करा. चाक उचललेलं असू द्या. शॉकअपच्या दोन्ही नळ्या खाली एक्सलजवळ धरून पुढे-मागे ओढा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मानेच्या खालच्या जोडावर बोट ठेवायला सांगा. बोटाला ठकठक लागली तर मान सैल आहे. नंतर हँडल एका बोटानं हळूहळू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ते सगळीकडे सारखं, लोण्यासारखं फिरलं पाहिजे आणि मध्यापासून किंचित ढकललं की आपल्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल त्याला अडवत नाही ना, तेही पाहा.

सैल असेल पण फिरताना अडत नसेल, तर फक्त जुळवणी करा. वरचा मोठा नट ढिला करा, खालच्या टीचे शॉकअप धरणारे बोल्टही ढिले करा. वरच्या टीखाली खाचा असलेली एक चकती-नट असते, ती थोडी थोडी घट्ट करत ठकठक जाईपर्यंत आणा आणि मग जरा मागे सोडा, फेऱ्याचा आठवा भाग. आता सगळं पुन्हा आवळा आणि दोन्ही परीक्षा पुन्हा करा, कारण वरचा नट आवळताना चकती आणखी दाबली जाते. पहिल्या खेपेला बरोबर जमत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. त्या दूध उत्पादकाच्या गाडीला हीच सबुरी मिळाली नव्हती.

फिरताना मध्यावर अडत असेल, तर कितीही आवळा किंवा सोडा, उपयोग नाही. घट्ट केली तर गाडी नागमोडी जाते, सैल केली तर नाचते. अशा वेळी वाट्या आणि छर्रे, वरचे आणि खालचे, सगळा संच एकदम बदलावा. जुन्या वाटीत नवे छर्रे टाकून पैसे वाचत नाहीत. उघडताना खाली जुनं धोतर अंथरा, छर्रे ज्वारीसारखे उधळतात. वर किती आणि खाली किती, मोजून ठेवा. नव्या वाट्या बसवताना हातोडीचा घाव वाटीच्या कडेवर सगळीकडे सारखा पडावा, तिरपी बसली तर पुन्हा पहिल्यासारखंच. बैलगाडीचं काळं वंगण इथे चालत नाही, बेअरिंगचं ग्रीस भरपूर भरा. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालली की नव्या वाट्या जागेवर बसतात आणि थोडी सैल पडतात. तेव्हा एकदा पुन्हा तपासून जुळवणी करायची असते. हे काम मिस्त्रीकडून करून घेत असाल तर "परत कधी आणू?" असं स्वतःहून विचारा.

शॉकअपबद्दल थोडक्यात. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं. सील बदलताना दोन्ही नळ्यांत नवं तेल, पुस्तकात दिलेल्या मापानं, सारखंच घालायचं. एकीत जास्त, दुसरीत कमी असेल तर गाडी एका अंगाला कलते. गाडी पडल्यावर हँडल वाकडं आणि चाक सरळ दिसत असेल, तर पुष्कळदा काही वाकलेलं नसतं, टीत नळ्या फक्त पिळलेल्या असतात. बोल्ट ढिले करा, चाक गुडघ्यांत धरा, हँडल सरळ करा, दोन-चारदा शॉकअप दाबून पुन्हा आवळा. त्यानं सरळ झालं नाही तर नळी वाकलेली आहे. मानेजवळ सांगाड्याच्या जोडावर रंग उडून गंजाची बारीक रेघ दिसली, तर ती भेग असू शकते. ती गाडी त्याच दिवशी उभी करा. जागच्या जागी वेल्डिंगचा टाका मारून तिच्यावर पोती लादू नका.

मागचं दुखणं, पुढे कळ

मागचं चाक ज्यात बसतं तो चिमटा टोकाला धरून आडवा हलवा. मुळाशी खेळ लागला तर बुश झिजले. मागचं चाक सरळ आहे का ते सुतळीनं पाहता येतं. सुतळी मागच्या टायरच्या मागून घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणा, मागच्या टायरच्या दोन्ही कडांना ती नीट टेकू द्या. पुढचा टायर बारीक असेल तर दोन्हीकडे सारखी फट दिसली पाहिजे. कमी-जास्त असेल तर साखळी ताणताना चाक तिरपं आवळलं गेलं आहे. साखळीच्या दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून सारख्या करा.

आणि ओझं. ४० लिटर दूध म्हणजे ४१ किलो, वर कॅनचं वजन. दोन कॅन धरले तर नव्वद किलोच्या पुढे ओझं मागच्या चाकाच्याही मागे लटकतं. तराजूचं एक पारडं जड झालं की दुसरं उचलतं, तसं पुढचं चाक हलकं होतं आणि लहानसा दोषही मोठा होऊन दिसतो. कॅनची चौकट जमेल तितकी पुढे, मागच्या शॉकअपच्या रेषेत बसवून घ्या आणि खाली आणा. अर्धा भरलेला कॅन भरलेल्यापेक्षा वाईट, दूध आत हिंदकळतं आणि गाडीला झोके देतं. चाळीस लिटर असेल तर वीस-वीस करून दोन्हीकडे टांगण्यापेक्षा लहान कॅन घेऊन ते पूर्ण भरा. मागच्या शॉकअपला स्प्रिंग कडक करण्याच्या पायऱ्या असतात, ओझ्याच्या गाडीला त्या दोन्ही बाजूंना सारख्या चढवा. हँडलला डब्याची पिशवी अडकवू नका. टाकीवर पोतं आडवं टाकून हँडल अडवण्याचा प्रकार तर डोळ्यांनी बघवत नाही.

रस्त्यावरच लटपट सुरू झाली तर पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. हँडल दोन्ही हातांनी धरा, पण खांदे ताठ करून झुंजू नका. अंग जरा पुढे घ्या, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला थांबून आधी पुढचा टायर बघा, पुष्कळदा तो पंक्चरच असतो.

त्या दूध उत्पादकाच्या गाडीला शेवटी कोन सेट नवा बसवला, टायर बदलला, चिखल काढला आणि कॅनची चौकट वेल्डरकडून वीतभर पुढे घेतली. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर पहिले आठ दिवस त्यांच्या मुलानं दूध घातलं. आता ते स्वतः जातात, आणि दर महिन्याला पहिल्या तारखेला चाक उचलून हँडल एका बोटानं फिरवून बघतात.